दगडाबाईचा खाडा

उमापूरच्या बंकटला लहानपणापासून किळस फार. पंगतीत शेजारच्यानं आमटीचा भुरका मारला की हा ताटावरून उठायचा. सख्ख्या भावाच्या उष्ट्या तांब्याला त्यानं कधी तोंड लावलं नाही. शेणात पाय पडला तर विहिरीवर बसून दगडानं टाच इतकी घासायचा, की आई म्हणायची, आता हाड लागेल, थांब. पोरांनी त्याचं नावच ‘ओकाऱ्या’ पाडलं होतं. आणि दैवाची थट्टा बघा, या ओकाऱ्याला नोकरी लागली ती सडलेल्या तोंडांपुढे रोज आठ तास नाक न धरता उभं राहण्याची.

परळीत व्यापाऱ्यांच्या एका विश्वस्त मंडळानं कॅन्सरचा दवाखाना काढला होता. मुंबईच्या कुठल्याशा इस्पितळानं जुनं म्हणून बाजूला टाकलेलं कोबाल्टचं यंत्र त्यांनी उचलून आणलं, बसवलं आणि गावभर कमानी उभारल्या. बंकट तेव्हा अंबाजोगाईला एका खाजगी डॉक्टरकडे एक्स-रेचे फोटो धुवायचा. मंडळानं त्याला वर्षभर पुण्याला धाडून यंत्र शिकवून आणलं आणि दवाखान्याच्या मागची खोली राहायला दिली. डॉक्टर लातूरचे. ते मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, कुणाला कुठं शेक द्यायचा ते ठरवायचे आणि चहा पिऊन जायचे. बाकी यंत्र, खोली, पेशंट आणि वास हे सगळं बंकटच्या गळ्यात.

‘शेक’ हा लोकांचा शब्द. किरण, मात्रा हे सगळं डॉक्टरांच्या कागदावर. लोकांना एवढंच कळायचं, की यंत्राखाली निजायचं, दोन मिनिटं हलायचं नाही आणि आतून शेक बसतो. येणारे बहुतेक तोंडाचे नाहीतर गळ्याचे. गड्यांची तंबाखू, बायांची मिश्री. त्यात अलीकडे टपरीटपरीवर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. देशाचा बाजार खुला झाला म्हणत होते. आमच्याकडे खुली झाली ती पोरांची तोंडं, तीही पुडी ओतण्यापुरती. वर्षा-दोन वर्षांत तीसुद्धा उघडेनाशी व्हायची. या पुड्यांची तालुक्याची एजन्सी होती दवाखान्याचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा यांच्याकडे. ही गोष्ट सगळ्या दवाखान्याला ठाऊक होती आणि किळस मात्र कुणालाच येत नव्हती. किळस यायची ती पेशंटांची.

पहिल्याच दिवशी बंकटपुढे गालाला आरपार भोक पडलेला म्हातारा आला. पाणी प्यायला की ते भोकातून सदऱ्यावर. बंकटनं त्याला कसाबसा शेक दिला आणि मोरीवर जाऊन भडाभडा ओकला. दुसऱ्या दिवशीही ओकला. पंधरा दिवसांनी ओकणं थांबलं. किळस काही गेली नाही, पण तिला त्यानं कामाला लावलं. खोली घासूनपुसून लख्ख. चादर दर माणसाला वेगळी. आणि सगळ्यात कसोशीनं जपायची ती रेघ. शेकाची हद्द दाखवायला पेशंटच्या गालावर-मानेवर जांभळ्या औषधानं चौकट आखलेली असे. घामानं ती पुसट व्हायची, म्हणून बंकट रोज काडीला कापूस गुंडाळून ती पुन्हा ओढायचा. नव्या माणसाला तो एका दमात सांगायचा, “मान धुवायची न्हाई, साबन न्हाई, तेल न्हाई, आन खाडा न्हाई.”

त्या साली पोळ्याच्या आधी आठवडाभर दगडाबाई आली. नांदूरघाटच्या बाजूची, पन्नाशीची, वीस वर्षं टोळीबरोबर ऊस तोडलेली. उजव्या गालात आतून जखम, मानेत लिंबाएवढी गाठ, आणि सोबत सून सुरेखा. डॉक्टरांनी तेहतीस शेक लिहून दिले. म्हणाले, “बाई, वेळेत आलीस. सलग घेतलेस तर वाचशील. मध्ये खाडे केलेस तर गाठ पुन्हा उठेल, मग माझ्याकडे यायचं नाही.”

खाडा म्हटल्यावर दगडाबाईला हसू आलं. दुखऱ्या गालानं जेवढं हसता येतं तेवढं हसून ती म्हणाली, “सायेब, वीस वर्सं कोयता चालविला. सुरेखाच्या नवऱ्याच्या टायमाला बाळंत झाले, तर चवथ्या दिसाला फडात व्हते. मुकादमाच्या वहीत माझ्या नावापुढं खाडा न्हाई. कुनाला बी इचारा.”

सासवा-सुना देवळाजवळच्या धर्मशाळेत राहायच्या. सकाळी नऊला दगडाबाई फाटकात हजर. तिच्या तोंडाला वास इतका, की बाकड्यावरचे बाकीचे पेशंटसुद्धा सरकून बसायचे. तिसऱ्या दिवशी रेघ ओढून घेताना तिनं विचारलं, “बंकटभाऊ, माझ्या तोंडाचा वास येतो, न्हाई का?”

“येतो, मावशी. लई येतो.”

“बाकीचे न्हाई म्हनत्यात आन खिडकीकडं बगत्यात,” ती म्हणाली. “तू बरा हायीस. खोटं बोलत न्हाईस.”

त्या दिवसापासून बंकटचं तिच्याशी जमलं. प्रत्येक पेशंटचं एक पिवळं कार्ड असे, त्यावर शेकांचे चौकोन. शेक झाला की बंकट चौकोनात निळी खूण करायचा. दगडाबाईला वाचता येत नव्हतं, पण खुणा मोजता येत होत्या. ती रोज कार्ड हातात घेऊन बोटानं मोजायची आणि मगच निघायची. एकवीस खुणा झाल्या तेव्हा लिंबाची गाठ सुपारीवर आली होती. बंकट बोटांनी चाचपून म्हणाला, “मावशी, ही जातीय बगा.” इतक्या वर्षांत त्याच्या हाताखाली एवढी सरळ विरघळत गेलेली गाठ दुसरी नव्हती. ही बाई वाचणार, असं त्यानं मनात धरलं. तो शुक्रवार होता. शनिवार-रविवार यंत्र बंद असायचं. रविवारी सासूचं पित्र होतं म्हणून दगडाबाई गावी गेली. जाताना फाटकातून ओरडली, “सोमवारी नवाला!”

तोवर प्लेगची आवई उठलेली होती. आपल्याच जिल्ह्यात एका गावात उंदीर मेले, माणसांना गाठी आल्या. मग तिकडे सुरतेत माणसं मेल्याच्या बातम्या आल्या आणि लोकांची अक्कल पार गेली. साथ किती होती ते डॉक्टर लोक जाणोत. पण लोकांनी जे चाळे केले ते बघून अंगावर शिसारी यायची. ज्यांच्या घरात वर्षात कुणी फडकं धुतलं नव्हतं ते निलगिरीचे रुमाल नाकाला लावून हिंडायला लागले. औषधाच्या दुकानातल्या प्लेगवरच्या कॅप्सुला बड्या घरांनी डबे भरभरून नेल्या. बाहेरच्या जिल्ह्यात हॉटेलवाले बीडवाल्याला पेल्यात पाणी देईनात, म्हणून आपले लोक संतापले. आणि परत येऊन त्यांनीच खेड्यातल्या माणसाला ओंजळीत पाणी ओतलं. लातूरच्या डॉक्टरांचा निरोप आला, साथ आटोपेपर्यंत येणं जमणार नाही, घरी लहान मुलं आहेत. मुलं काय, सगळ्यांच्याच घरी होती.

रविवारी शिवलिंगअप्पांनी मंडळाची बैठक घेतली. आरोग्य खात्याचं पत्रक वाटलं गेलं होतं, त्यात प्लेगची लक्षणं छापलेली. अप्पांनी त्यातली ओळ उचलली आणि पत्र्यावर लाल रंगात लिहवून फाटकावर ठोकली: ‘मानेत, काखेत, जांघेत गाठ असणाऱ्यांस आत प्रवेश नाही. हुकुमावरून.’ कॅन्सरच्या दवाखान्याच्या फाटकावर ही पाटी! मंडळात सात शहाणी माणसं होती. एकालाही हसू आलं नाही.

बंकट मागच्या खोलीतून मागच्या दारानं कामावर यायचा, त्यामुळे ही पाटी त्यानं पाहिली नव्हती. सोमवारी त्यानं आत भरती असलेल्या तिघांना शेक दिले आणि बाहेरच्यांची वाट बघत बसला. दहा वाजले, अकरा वाजले. बाहेरून येणारे आठजण होते, एकही नाही. एसट्या बंद असतील, असं तो मनाशी म्हणाला. बाकीच्यांचं त्याला फार वाटलं नाही. पण दगडाबाई? वीस वर्षांचा तोरा मिरवणारी? पित्राच्या पुरणावर बसली असेल ऐसपैस. संताप संताप झाला त्याचा. दुपारी बारा वाजता त्यानं लाल पेन काढलं आणि बाविसाव्या चौकोनात लिहिलं, ‘गैरहजर’. मंगळवारी बारा वाजता पुन्हा लिहिलं, ‘गैरहजर’.

मंगळवारी दुपारी तो भाकरी खात असताना मागच्या खिडकीत सुरेखा उभी राहिली. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं.

“भाऊ, मामींना धरून नेलं!”

“कुनी? कुठून नेलं? आन काल कावून आल्या न्हाईत तुमी?”

“आलतो की!” सुरेखा ओरडलीच. “काल एष्टी थांबलीच न्हाई. गाडीवाला आमाला बगून पुढं निगून गेला. मंग फाट्यापतूर चालत गेलो, कडब्याच्या टेंपूत बसून आलो. नऊला फाटकात व्हतो. सुंदरराव आत सोडंना. मामी म्हनल्या, बंकटभाऊला नुस्तं सांगा, दगडाबाई आलीय म्हनून. तर म्हनला, बंकटला सवड न्हाई. काल दिवसभर बसलो तितं, आज बी बसलो. सकाळी तपासणीवाले आले. मामींची मान बगितली आन जीपात घातलं. लोकं म्हनत व्हती, बगा, सरकारनं मानंवर आधीच जांभळी रेघ मारून ठिवलीय.”

बंकटच्या हातातला घास तसाच राहिला. दोन दिवस ती भिंतीपलीकडे बसली होती, आणि त्यानं आत बसून तिच्या नावावर लाल शाईनं खाडा मांडला होता.

तो फाटकावर गेला. पाटी वाचली. राखणदार सुंदरराव स्टुलावर बसून होता, तोंडाला उपरणं.

“सुंदरराव, आरं महिनाभर रोज बगतोस तू तिला!”

“मला काय बोलतो बे? पाटीवर लिवलंय. मानेत गाठ. हाय का न्हाई तिला गाठ?”

“मला सांगायला काय झालं व्हतं?”

“सांगायची ऑर्डर नव्हती,” सुंदरराव म्हणाला आणि उपरणं वर ओढलं.

गावाबाहेरच्या एका शाळेत संशयितांना ठेवलं होतं. तिथं एक कोवळा डॉक्टर एकटा राबत होता. त्यानं बंकटचं सगळं नीट ऐकून घेतलं. त्या आठवड्यात नीट ऐकून घेणारा तेवढाच एक माणूस भेटला म्हणायचा. “ही गाठ जुनी, कॅन्सरची आहे, एवढं तुमच्या डॉक्टरांनी किंवा अध्यक्षांनी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं,” तो म्हणाला. “आत्ता सोडतो. नाहीतर शनिवारपर्यंत मला ठेवावंच लागेल.”

म्हणजे एक कागद, चार ओळी. बंकट धावत अप्पांच्या दुकानी गेला. अप्पांनी त्याला पायरीखालीच उभं केलं.

“अप्पा, कॅन्सरचा दवाखाना हाय आपला. गाठ असल्याबिगर हितं येतंय कोन?”

“गाठ ती गाठ,” अप्पा रुमालातून म्हणाले. “तिच्यावर काय लिहिलेलं असतंय का कशाची म्हणून? उद्या काही निघालं तर मंडळाचं नाव जाईल. मी शिक्का देणार न्हाई.” मागे कपाटात गुटख्याच्या माळा खालपासून वरपर्यंत टांगलेल्या होत्या. मंडळाचं नाव!

मग एसटीडीच्या काचेच्या खोक्यातून लातूरला फोन. डॉक्टर म्हणाले, “तपासल्याशिवाय मी कसं लिहून देऊ? महिन्यापूर्वीची गाठ कॅन्सरची होती. आजची कशाची, ते इथून कसं सांगणार?”

“मंग या की तपासायला, सायेब.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बुधवारी बंकट शाळेच्या तारेच्या कुंपणाशी गेला. दगडाबाई ओसरीवर बसली होती. अंगावर उंदीर-पिसवांची पांढरी पावडर मारलेली, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा. आणि मान? घासून घासून कोरी केलेली. रेघेचा मागमूस नव्हता. गावातून भाकरी येत होती ती काठीच्या टोकाला फडक्यात बांधून कुंपणावरून आत सोडत होते.

ती उठून तारेपाशी आली. “कावून आलास भाऊ? तुला बी कोंडतील.” मग मान वळवून म्हणाली, “रेघ पुसली बग त्यांनी. म्या लई वरडले, धुवू नगा, बंकटभाऊ रागावंल. साबनानं घासली.”

बंकटनं तारेतून हात घातला आणि गाठ चाचपली. सुपारी राहिली नव्हती, ती पुन्हा लिंबाकडे निघाली होती. पहारेकरी लांबून ओरडला, “ए, शिवू नको!” बंकटनं हात काढला नाही. त्या हाताला पावडर लागली, लाळ लागली, आणि त्याला किळस आली ती त्या ओरडणाऱ्याची.

“भाऊ, खरं सांग,” दगडाबाईनं विचारलं. “खाडा मांडलास का माझा?”

बंकटनं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “न्हाई मांडला, मावशी.”

तिला बरं वाटलं. त्याला पुढचे कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी तिला सोडलं. प्लेग नव्हताच. रविवारी बंकटनं पान्यानं पाटी उचकटली आणि मागच्या उकिरड्यावर फेकली. कुणी अडवलं नाही. तोवर बड्या लोकांची भीती ओसरली होती आणि पाटीची आठवणही. सोमवारी त्यानं लातूरला पुन्हा फोन केला. डॉक्टर म्हणाले, “कार्डावर मापं आहेत, तुझ्या जबाबदारीवर आख.” कानाच्या पाळीपासून किती, हनुवटीपासून किती, ते बंकटच्या हातालाच पाठ होतं. त्यानं जांभळी चौकट पुन्हा आखली आणि बाविसावा शेक दिला. दिवाळीच्या आत तेहतीस पुरे झाले. खुणा मोजताना मधले पाच लाल चौकोन दगडाबाईच्या बोटाला लागले. “ह्ये काय रं?” तिनं विचारलं. “सुट्ट्या,” बंकट म्हणाला. बुधवार, गुरुवार, शुक्रवारचेही त्यानंच लिहिले होते. नियम होता, चौकोन रिकामा ठेवायचा नाही. पुढच्याच आठवड्यात एका साप्ताहिकात अप्पांचा फोटो आला, खाली ‘साथीच्या काळातही अखंड रुग्णसेवा’. सुंदररावनं तो कापून फाटकावर चिकटवला, बरोबर जिथं पाटी होती तिथं.

माघात दगडाबाई परत आली. मानेतली गाठ आता लिंबापेक्षा मोठी, वर कातडी ताणून चकचकीत झालेली. बंकटनं हात लावला आणि तिचं पिवळं कार्ड काढून डॉक्टरांपुढे ठेवलं. मंगळवार होता. डॉक्टर पुन्हा येऊ लागले होते, मात्र निलगिरीच्या रुमालाची सवय त्यांनी सोडली नव्हती. रुमाल नाकाशी धरून त्यांनी दगडाबाईचं कार्ड उघडलं.

“गैरहजर, गैरहजर, गैरहजर... पाच खाडे!” ते बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “सांगितलं होतं ना बाई मी? सलग घ्यायचे म्हणून? तुम्हा लोकांना जिवाची किंमतच नाही. आता बस रडत. माझ्या हातात काही नाही.”

दगडाबाई रडली नाही. तिनं डॉक्टरांकडे बघितलंसुद्धा नाही. ती बंकटकडे बघत होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “मांडला न्हाई म्हनला व्हतास.”

तेवढ्यात डॉक्टरांनी रुमाल झटकला. त्याचा तो गोडसर, थंडगार, स्वच्छ वास बंकटच्या नाकात शिरला. तो मोरीवर पळाला. किती वर्षांनी भडाभडा ओकला. दगडाबाईच्या तोंडाचा वास त्याला केव्हाच सोसवू लागला होता. हा सोसला नाही.

चूळ भरून तो परत आला. डॉक्टरांच्या हातातून कार्ड घेतलं. खिशातलं तेच लाल पेन काढलं आणि पाचही चौकोनांत ‘गैरहजर’च्या खाली लिहीत गेला. प्रत्येकाखाली सही केली.

“काय लिहितोस? दवाखान्याचा कागद आहे तो!” डॉक्टर म्हणाले.

“दवाखान्याचाच हाय, सायेब. आन अक्षर माझं हाय. पयलं खोटं बी माझंच व्हतं.”

“काय लिवलं, भाऊ?” दगडाबाईनं विचारलं.

बंकटनं वाचून दाखवलं, बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “सोमवार. बाई हजर. दवाखाना गैरहजर. मंगळवार. बाई हजर. दवाखाना गैरहजर.” असे पाचही दिवस वाचले. डॉक्टर खिडकीकडे बघत होते.

“मंग बराबर हाय,” दगडाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी कार्डासाठी हात पुढे केला. पण तोवर तिनं ते बंकटच्या हातून घेऊन, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत खोचलं होतं.

“ऱ्हाऊ द्या, सायेब,” ती उठत म्हणाली. “ह्येच्यावर माझी हजेरी हाय.”